माझा विषय नाही

बायकांचा संडास पाडायचा हे कोणी ठरवलं, ते मला आजही सांगता येत नाही. पत्रे कोणी उचकटले ते माहीत आहे, विटा कोणी वाहून नेल्या तेही माहीत आहे. पण 'पाडा' असं कोण म्हणालं, हे विचारायला गेलं की सगळे कानावर हात ठेवतात. आणि संताप येतो तो याचा की त्यातलं कोणीच खोटं बोलत नाही.

मी या साइटवर सेफ्टीचं काम बघते. म्हणजे ज्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही त्याच्यावर ओरडायचं, जिथे कठडा नाही तिथे तो लावून घ्यायचा, आणि रोज सकाळी लिफ्ट तपासून ती चालवायला योग्य आहे अशी सही करायची. लिफ्ट म्हणजे राहत्या इमारतीतली आरशाची लिफ्ट नव्हे. इमारतीच्या बाहेरच्या अंगाला लावलेला लोखंडी पिंजरा, ज्यातून सिमेंट, विटा आणि माणसं वर जातात. माझ्या सहीशिवाय तो पिंजरा हलत नाही. एवढी एक गोष्ट सोडली तर इथे माझं फारसं कोणी ऐकत नाही.

तो पिंजरा चालवते ती आमची लिफ्टवाली. आधी ती डोक्यावर घमेली वाहायची. मग तिची मान गेली. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे डोक्यावर ओझं घेतलंस तर हाताला मुंग्या येतील आणि मग हातच चालायचा नाही. मी तिला लिफ्ट शिकवली, तिची चाचणी घेतली, आणि ती त्या स्टुलावर बसली. घर तिच्या एकटीवर चालतं. लिफ्ट आहे तोवर तिचं सगळं ठीक आहे, लिफ्ट गेली की पुन्हा घमेलं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

पूर्वी आमच्याकडे आठवड्याची बैठक असायची. साइट ऑफिसात दोन ड्रमांवर शटरिंगची फळी टाकलेली, तिच्यावर नकाशा, नकाशा उडू नये म्हणून वीट. भोवती आमचा मॅनेजर, आर्किटेक्ट बाई, इमारतीच्या खांब-तुळयांचा हिशेब करणारे आरसीसीवाले, आणि मी. आवाज इतका चढायचा की बाहेरचे गवंडी हातातली थापी थांबवून ऐकत बसायचे. चहा निवायचा, मूळ मुद्दा बाजूला राहायचा, आरसीसीवाले रागावून निघून जायचे आणि गाडीपाशी जाऊन परत यायचे. त्या बैठकीची मी काही आरती ओवाळणार नाही. पण दार उघडं असायचं.

एकदा आर्किटेक्ट बाई आणि मॅनेजर यांचं खालच्या मजल्यावरच्या टाइल्सवरून जुंपलं होतं. करडी की पांढरी. तेवढ्यात दारात लिफ्टवाली येऊन उभी राहिली. म्हणाली, "साहेब, टाइल्सचं ठरवा निवांत. आम्ही बायकांनी कुठे जायचं ते आधी ठरवा." आरसीसीवाल्यांना खोकला आला. मॅनेजर नकाशात काहीतरी शोधायला लागले. समोर उभ्या असलेल्या बाईला नाही म्हणायला तोंड लागतं, आणि ते त्या दिवशी कोणाकडेच नव्हतं. त्याच आठवड्यात मागच्या भिंतीला लागून पत्र्याचा संडास उभा राहिला, दाराला आतून कडी आणि बाहेर पाण्याचं पिंप. लिफ्टपासून चार पावलांवर. ती जाऊन येईपर्यंत मुकादम लिफ्टपाशी उभा राहायचा आणि कोणाचं काही अडायचं नाही.

मग मालकांच्या मुलीचं लग्न झालं आणि आमच्या साइटला ॲप मिळालं.

जावई संगणकातले. साइटवर सगळे त्यांना जावईबापू म्हणतात, तोंडावर आदराने आणि पाठीमागे जसं जमेल तसं. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही त्याला खलनायक करून मोकळे व्हाल. आवाज चढवत नाही, सगळ्यांना अहो-जाहो करतो, भेटला की तब्येत विचारतो. एकदा ते आमच्या बैठकीला रंगाच्या डब्यावर बसून होते. बाहेर पडताना मला म्हणाले, "मॅडम, इतकी माणसं, इतका वेळ, आणि ठरलं काय? करडी." मला हसू आलं. तेव्हा मला वाटलं होतं की हा आपल्यातला आहे.

ॲपचं नाव एकमत. खास आमच्यासाठी बनवून घेतलेलं. जे काही ठरवायचं असेल त्याचं एक कार्ड तयार करायचं. ज्यांचा संबंध आहे त्यांच्या फोनवर ते जातं. खाली चार बटणं: मान्य, अमान्य, चर्चा हवी, माझा विषय नाही. सगळ्यांनी बटणं दाबली की ॲप स्वतःच निकाल लावतं, स्वतःच पुढच्या माणसाला काम धाडतं. वेळेत कोणी बटण दाबलं नाही, तर त्याची हरकत नाही असं धरतं. ऑफिसातली फळी आणि ड्रम बाहेर गेले आणि त्या जागी मोठा पडदा लागला. पडद्यावर एकच आकडा सारखा चमकायचा, एक निर्णय व्हायला सरासरी किती वेळ लागतो तो. आकडा खाली गेला की जावईबापू खूश, मालक खूश, मॅनेजर आपली पाठ थोपटून घ्यायला माणूस शोधायचे.

पहिल्या महिन्यातच 'चर्चा हवी' हे बटण काढून टाकलं. त्याने आकडा वर जात होता.

अमान्य दाबायचं तर कारण निवडावं लागायचं. कारणं चार: खर्च, वेळ, नकाशा, मजबुती. पाचवं कारण जगात नाही. शिवाय एकट्याच्या अमान्यने काही थांबत नाही, किमान दोघे लागतात. हा नियम जावईबापूंनी मला फार समजावून सांगितला. "एकाचा विरोध म्हणजे अडथळा, मॅडम. दोघांचा विरोध म्हणजे मत." मी म्हटलं, "आणि एकटाच बरोबर असला तर?" ते हसले आणि म्हणाले, चांगला प्रश्न आहे.

सगळ्यांचं आवडतं बटण मात्र शेवटचं. ते दाबायला कारण लागत नाही. ते दाबलं की माणूस सुटतो, आणि ॲपच्या हिशेबी त्याची हरकत नाही असं नोंदलं जातं. आमच्याकडची मोठी शिकलेली माणसं दिवसभर अंगठ्याने हात झटकत होती.

त्या दिवशी मी वरच्या मजल्यावर कठडे बघत होते. खाली आले तर लिफ्टवाली मागच्या भिंतीकडे तोंड करून उभी. संडासाच्या जागी मोकळी जमीन, आणि ट्रकमधून सळ्या उतरत होत्या.

"ताई, हे काय?" ती म्हणाली.

मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं. ते कार्ड माझ्याकडे आलंच नव्हतं, कारण 'तात्पुरत्या रचना' या सदरात सेफ्टीचं नाव नाही. ऑफिसात जाऊन पडद्यावर शोधलं. कार्ड मॅनेजरांनी टाकलेलं: मागील बाजूची तात्पुरती रचना हटवून सळ्यांसाठी जागा करणे. संडास हा शब्द कुठेच नाही. आर्किटेक्ट बाई, माझा विषय नाही. आरसीसीवाले, माझा विषय नाही. जावईबापू, माझा विषय नाही. आणि खाली हिरव्या अक्षरांत, एकमताने मंजूर. एकाही माणसाने हो म्हटलं नव्हतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथूनच एकेकाला फोन लावले. आर्किटेक्ट बाई म्हणाल्या, "अगं, तात्पुरती रचना माझ्या नकाशात नसतेच. मी कशी हो किंवा नाही म्हणू?" आरसीसीवाले म्हणाले, "पत्र्याच्या शेडवर भार कसला येणार? माझा संबंध काय?" जावईबापू म्हणाले की ते फक्त सिस्टिम बघतात, मजकुरात पडत नाहीत. शेवटी मॅनेजर. ते समोरच बसले होते.

"सर, तुम्ही पाडलात."

"मी नुसतं विचारलं हो, मॅडम. सळ्या ठेवायच्या कुठे? कोणाची हरकत असती तर थांबलो नसतो का?"

"तुम्हाला माहीत नव्हतं तिथे काय आहे ते?"

"माहीत होतं. पण मंजूर झालं ना," ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांना खरोखर बरं वाटत होतं.

जावईबापूंनी सुचवलं म्हणून मी नवं कार्ड टाकलं. बायकांचा संडास पुन्हा बांधणे. मी तो शब्द मुद्दाम ठळक लिहिला. थोड्याच वेळात एकेक उत्तर आलं. माझा विषय नाही. माझा विषय नाही. माझा विषय नाही. आणि खाली हिरवं: एकमताने मंजूर. मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली. ज्या बेफिकिरीने पाडलं, त्याच बेफिकिरीने बांधलं जाणार होतं. लिफ्टवालीला जाऊन सांगितलं, एक-दोन दिवस कळ काढ.

एक-दोन दिवसांनी तिथे सळ्याच होत्या. चार दिवसांनी आणखी सळ्या. मी पडदा बघितला तर माझं कार्ड 'निकाली' मध्ये. निर्णय झाला म्हणजे विषय संपला. काम कोणाला धाडायचं, तर ज्याचा विषय त्याला, आणि विषय कोणाचाच नव्हता. मी पुन्हा तेच कार्ड टाकायला गेले तर ॲपने सांगितलं, हा निर्णय आधीच झालेला आहे, दुबार कार्ड स्वीकारलं जात नाही. आमच्याकडे बायकांसाठी संडास आहे, असं ॲपला वाटत होतं. कागदावर असतं तर फाडून तरी टाकता आलं असतं.

ऑफिसातल्या लोकांना या सगळ्याचं काही नव्हतं. आम्ही चौथ्या मजल्यावरच्या नमुना फ्लॅटमधलं बाथरूम वापरतो. त्याला कुलूप, किल्ली मॅनेजरांकडे, आणि कामगारांनी पाऊल ठेवायचं नाही, का तर गिऱ्हाईक येतं. मी एकदा दोघी बायकांना माझ्याबरोबर वर नेलं, तर दुसऱ्या दिवसापासून मला किल्ली मागताना कोण जाणार आहे ते सांगावं लागायला लागलं. बाकी बायका रस्ता ओलांडून पेट्रोल पंपावर जायच्या, दोघी-तिघी मिळून, तिथल्या पोरांच्या नजरा झेलत. लिफ्टवालीला तेवढंही शक्य नव्हतं. पंपावर जाऊन येईपर्यंत लिफ्ट बंद, आणि लिफ्ट थांबली की मॅनेजरांच्या फोनवर घंटा वाजते. हेही एकमतनेच बसवून दिलेलं.

पहिले काही दिवस ती गेली, घंटा वाजली, मॅनेजर ओरडले. मग ती जायची थांबली. मला वाटलं काही सोय लागली असेल. सोय कसली, तिने पाणी प्यायचंच सोडून दिलं होतं.

पण तोवर त्या घंटांची बेरीज ॲपने करून ठेवली होती. एका सकाळी माझ्या फोनवर कार्ड आलं. लिफ्ट वारंवार थांबते, सबब लिफ्टचालक बदलणे. हे मॅनेजरांनीही टाकलेलं नव्हतं, ॲपने आपणहून त्यांच्या नावाने तयार केलं होतं. उत्तराची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम सुटेपर्यंत. मी अमान्य दाबलं. कारण निवडा. खर्च, वेळ, नकाशा, मजबुती. मी डोळे मिटून एकावर बोट ठेवलं. बाकी तिघांनी अजून काहीच दाबलेलं नव्हतं. मला फक्त आणखी एक माणूस हवा होता.

दुसऱ्या दिवशी मालक येणार होते, मुलीला घेऊन. जावईबापू त्यांना एकमत दाखवणार, मग लिफ्टने वर नमुना फ्लॅट. झाडून सगळे हजर राहणार होते, आर्किटेक्ट बाई नव्या चपला घालून, आरसीसीवाले इस्त्रीच्या शर्टात. माझ्या मनात आलं, बरंच झालं, एकेकाला समोर गाठते.

सकाळी लिफ्ट तपासायला गेले. दोर ठीक, ब्रेक ठीक, दार ठीक. लिफ्टवाली स्टुलावर बसलेली, ओठ फुटलेले, डोळे तांबारलेले. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"शेवटचं पाणी कधी प्यायलीस?"

"काल घरी."

"आणि इथे?"

"इथे प्यायलं की जावं लागतं, ताई. जळजळ होते आता जाताना. ताप त्याचाच असेल." मग माझ्या हातातल्या फोनकडे बघून म्हणाली, "सही करा ना. मी बसते. आज मालक यायचेत."

मी सही केली नाही. भोवळ आली तर हिच्यासकट पिंजऱ्यातली सगळी माणसं जातील, आणि दुसरा चाचणी झालेला चालक साइटवर नव्हता. तिला सावलीत बसवलं आणि माझी बाटली तिच्या हातात दिली. तिने दोन घोट घेऊन झाकण लावलं. ऑफिसातल्या पडद्यावर आता प्रत्येक कामाचा एक चौकोन दिसायचा; त्यातला लिफ्टचा लाल झाला, मग लिफ्टवर अवलंबून असलेले सगळे चौकोन लाल झाले. नेमक्या त्या लाल पडद्यापुढे मालक, त्यांची लेक आणि जावईबापू येऊन उभे राहिले.

मॅनेजर दात-ओठ खात माझ्यापाशी आले. "आजच सापडला तुम्हाला मुहूर्त?"

मी काही बोलायच्या आत मालकांच्या लेकीने हळूच नवऱ्याला विचारलं, "अरे, इथे बाथरूम कुठे आहे? लांबून आलोय आपण."

"वर आहे," मॅनेजर म्हणाले, "पण लिफ्ट..." आणि माझ्याकडे बघितलं.

"खाली पण आहे की," जावईबापू म्हणाले. फोन काढून त्यांनी बघूनच सांगितलं. "मागच्या बाजूला. बायकांसाठीच आहे. मागेच निर्णय झालाय."

आयुष्यात इतक्या आनंदाने मी कधी गप्प बसले नव्हते. लिफ्टवाली सावलीतून उठली, म्हणाली, "चला, मी दाखवते." दोघी मागे गेल्या आणि लगेच परत आल्या.

"तिथे सळ्या आहेत," लेक म्हणाली.

"नाही, अगं, निकाली दाखवतंय."

"मग तू चल आणि मला दाखव, त्या सळ्यांवर बसू कुठे ते."

जावईबापूंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मालकांनी एकेकाकडे बघितलं आणि मग लिफ्टवालीला विचारलं, "तुम्ही सगळ्या जाता कुठे?"

"बाकीच्या पंपावर जातात, साहेब. मी जात नाही. मी गेले की लिफ्ट थांबते, लिफ्ट थांबली की साहेबांच्या फोनवर वाजतं. म्हणून पाणी पीत नाही." तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. कोणी पत्ता विचारला तर सांगावा तसं सांगितलं.

जुनं सगळं परत आलं. आर्किटेक्ट बाई जमिनीकडे बघायला लागल्या, आरसीसीवाल्यांना खोकला. मालकांची लेक पंपाच्या दिशेने चालायला लागली, आणि आमच्या दोन बायका तिच्याबरोबर गेल्या. मालक म्हणाले, "ते आजच्या आज उभं करा." मॅनेजरांनी सवयीने फोन काढला. ॲपने त्यांनाही सांगितलं, दुबार कार्ड. मुकादमाने कोणाच्या फोनची वाट बघितली नाही, माणसं लावून सळ्या हलवायला सुरुवात केली. बायका स्वतः पत्रे धरायला गेल्या.

मी संधी साधली. सगळ्यांसमोर म्हटलं, "हिला लिफ्टवरून काढायचं कार्ड आहे. आज संध्याकाळी मुदत संपते. मी अमान्य दाबलंय, अजून एकाने दाबायला हवं. एकाने." तिची मान, डॉक्टर, घमेलं, सगळं सांगितलं. ती माझ्या शेजारी उभी होती.

"छे, छे," आर्किटेक्ट बाई म्हणाल्या, "तुला कोण काढतंय गं? मी दाबते ना." आरसीसीवाले म्हणाले, "अर्थात. हा काय प्रश्न झाला?" जावईबापू तर तिला म्हणाले, "तुम्ही निश्चिंत राहा, ताई. आज डॉक्टरकडे जाऊन या." मालकांनी गाडीत बसता बसता बजावलं, "त्या बाईला हलवू नका." लिफ्टवालीने सगळ्यांना हात जोडले. मी तिला दवाखान्यात घेऊन गेले, औषध घेऊन दिलं, घरी सोडलं. संध्याकाळी मुकादमाचा निरोप आला की संडास उभा राहिला, कडीसुद्धा लागली. मला वाटलं, चला, जिंकलो.

औषधाने ताप उतरला आणि एक दिवस विश्रांती घेऊन ती कामावर आली; तो दिवस लिफ्ट बंदच होती. लिफ्ट उघडायला तिने आपलं ओळखपत्र यंत्राला लावलं, तर दिवा पेटेना. स्टुलावर एक नवा माणूस बसलेला, कुठल्या तरी एजन्सीने पाठवलेला. एजन्सीला एकमतने कळवलेलं. पडद्यावर कार्ड बघितलं: विरोध एक, हरकत नसलेले बाकी सगळे. मंजूर.

ती मला शोधत आली नाही. मी पोचेपर्यंत ती चुंबळ करून डोक्यावर ठेवत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "असू दे, ताई. बसून राहिले तर आजची हजेरी जाईल." आणि रेतीचं घमेलं घेऊन जिन्याला लागली.

पुन्हा मी फोन लावत बसले. आर्किटेक्ट बाई म्हणाल्या, "अगं बाई, मला वाटलं आरसीसीवाल्यांनी दाबलं असेल. एकच हवं होतं ना?" आरसीसीवाले म्हणाले, "मी समजलो बाईंनी दाबलं." मॅनेजर म्हणाले, "कार्ड माझ्या नावाचं, मी कसं दाबणार?" जावईबापू म्हणाले, "मी दाबणारच होतो. पण आम्हीच आमच्या सिस्टिमला विरोध केला असं दिसलं असतं." मालक म्हणाले, "मी तर सगळ्यांदेखत सांगितलं होतं." तोंडावर नाही म्हणायची एकाचीही छाती झाली नाही, आणि अंगठा हलवायचे कष्टही एकाने घेतले नाहीत. वाईट माणसं परवडली, त्यांना निदान शिव्या घालता येतात.

मग मी लिफ्टपाशी गेले. दोर ठीक, ब्रेक ठीक, दार ठीक. नवा चालक उठून उभा राहिला. त्याला म्हटलं, "तुमची चाचणी मी घ्यायची असते. मी घेतलेली नाही. मला कोणी कळवलं नाही." तो बिचारा म्हणाला, "मग घ्या ना, मॅडम." म्हटलं, "आज नाही." आणि सही केली नाही. लिफ्टसमोर विटांच्या थप्पीवर जाऊन बसले.

चौकोन लाल झाले असणार, कारण लगेच फोन वाजायला लागले. मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं. "इथे या. समोर उभं राहून बोला." वरच्या मजल्यावर स्लॅब भरायची तयारी पूर्ण झाली होती, सगळं अडून राहिलं होतं, त्यामुळे यावंच लागलं. आधी मॅनेजर आले, मग आरसीसीवाले, मग आर्किटेक्ट बाई, आणि शेवटी जावईबापू. मालकांचा फोन आला तेव्हा मी तो जावईबापूंच्याच हातात दिला. ते नुसतं "हो, हो" म्हणत राहिले.

तेवढ्यात जिन्यातून लिफ्टवाली रिकामं घमेलं घेऊन उतरली. रेतीच्या ढिगाशी गेली, भरून घेतलं, डोक्यावर चढवलं. मी हाक मारली, "जरा थांब." ती थांबली, घमेल्यासकट. एक हात वर धरलेला, दुसऱ्या हाताची बोटं ती सारखी उघडमीट करत होती.

"ओझं खाली ठेव ना," आर्किटेक्ट बाई म्हणाल्या.

"आधी काय ते ठरवा," ती म्हणाली. "मग ठेवते."

मी माझ्या फोनवर कार्ड टाकलं: हिला परत लिफ्टवर घेणे. चौघांचे फोन वाजले. मॅनेजरांनी तिच्याकडे बघितलं आणि मान्य दाबलं. आरसीसीवाल्यांनी चष्मा लावून दाबलं. आर्किटेक्ट बाईंनी दाबून वर मला फोन फिरवून दाखवला. जावईबापूंचा अंगठा शेवटच्या बटणावर गेला.

"मी हे दाबलं तरी मंजूरच होतं, मॅडम. उगाच..."

"मान्य दाबा," मी म्हटलं. "ती वाट बघतेय."

त्यांनी मान्य दाबलं. सगळ्यांच्या फोनवर एकदम एक लाल ओळ आली, या निर्णयाला सरासरीपेक्षा जास्त वेळ लागला आहे, विलंबाचं कारण निवडा. कोणी निवडलं नाही.

तिने घमेलं खाली ठेवलं. नव्या चालकाने स्टूल पुसून दिलं. तिने ओळखपत्र लावलं, दिवा पेटला, मी सही केली. स्लॅब बघायला वर जायचं म्हणून चौघेही दारापाशी सरसावले. जावईबापू तर एक पाय आत टाकून मोकळे झाले होते.

"जरा बाहेर थांबा, साहेब," ती म्हणाली. तिने त्यांना बाहेर घेतलं, पिंजऱ्याचं दार लावलं आणि माझी पाण्याची बाटली उचलून उभ्या उभ्या रिकामी केली.

"आधी मी जाऊन येते," म्हणाली, आणि मागच्या भिंतीकडे निघून गेली. कडी लागल्याचा आवाज आला. बाहेर आम्ही सगळे तिची वाट बघत उभे राहिलो.